मे महिन्याचा पगार

६ एप्रिल १९५७, शनिवार

हेडमास्तरांना कळलं कसं?

अर्ज अजून माझ्या पिशवीत आहे. सोमवारी द्यायचं ठरलंय. आणि आज वर्गावरून उतरते तर हे जिन्यात उभे — "काय केणीबाई, शिपायांचा अर्ज तयार झाला म्हणे? इंग्रजी तपासून देऊ का?" वर हसले!

ठाऊक फक्त चौघांना. मी, युनियनचे पुढारी विश्राम, पाणी भरणारी सखुबाई आणि घंटा वाजवणारे दौलतमामा. बाकीचे शिपाई विश्राम सांगतील तसं करतात, त्यांना अजून काही सांगितलेलंच नाही.

मागणी काय मोठी आहे? एप्रिल संपला की या लोकांना कमी करतात, जूनमध्ये पुन्हा घेतात. मे महिन्याचा पगार नाही. आम्हा शिक्षकांना सुट्टीचा पगार मिळतो, यांना का नाही? मेमध्ये शिपायाला भूक लागत नाही? घरातली पहिली बी. ए. मी. निदान त्यांचे कागद तरी लिहीन!

काल आईबरोबर शाळेच्या संस्थेच्या अध्यक्षांच्या घरी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला गेले होते. आईला असं आमंत्रण आयुष्यात पहिल्यांदाच. कोपरीच्या मिठागरात डोक्यावरून मीठ वाहिलेली बाई — लुगडं चारदा सारखं केलं तिनं. परसात दौलतमामा विहिरीचं पाणी शेंदत होते. शिपायांना पाळीपाळीनं तिथे राबावं लागतं, हे माहीत आहे. पण मला बघून ते खांबाआड का सरकले?

८ एप्रिल

अर्ज दिला. हेडमास्तरांनी उघडलासुद्धा नाही.

संध्याकाळी विश्रामच्या खोलीत बसलो. ऐकलं नाही तर परीक्षेच्या वेळी संप, असं ठरलं. घंटा नाही, पाणी नाही, बाकं लावायची नाहीत. दौलतमामा म्हणाले, "बाई, सरकारनं पैसे नवे काढले, आमचा पगार मात्र जुनाच!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. इतक्या गंभीर वेळी या माणसाला थट्टा सुचते कशी?

जेवताना रोजच्यासारखं आईला सगळं सांगितलं. तिला त्यातलं कितपत कळतं कोण जाणे, पण ऐकते मन लावून.

९ एप्रिल

आई पुन्हा अध्यक्षांकडे! अध्यक्षांच्या पत्नी माईसाहेबांना तिची गाणी आवडली म्हणे. दर मंगळवारी, शुक्रवारी गौरीपुढे म्हणायला बोलावलंय. मी म्हटलं, "राबवून घेतात तुला." आई चिडली — "राबवतात? मना पाटावर बसवतात गो! पन्ह्याचा पेला हातात देतात."



१० एप्रिल

अध्यक्षांचा निरोप — संप केलात तर जूनमध्ये एकालाही परत घेणार नाही.

पण संपाचं आम्ही बाहेर कुणाशी बोललोच नव्हतो!

विश्राम म्हणाले, "कुणीतरी फितूर आहे." सखुबाई उसळली, "माझ्याकडं बघू नका हां! माझं तोंड मोठं आहे, पण ते भांडायला." दौलत खाली बघत विडी वळत बसला होता. 'मामा' लिहायला आता हात होत नाही.

११ एप्रिल

युक्ती केली आहे. परीक्षा सोमवारपासून, संपही सोमवारीच. हे विश्राम आणि सखुबाईला सांगितलं. दौलतला मात्र सांगितलं — गुरुवार. विश्रामला ही युक्ती फार आवडली.

घरी आईलाही गुरुवारच सांगितला. दौलतची बायको तिला रोज नळावर भेटते. दोघींच्या बोलण्यात दोन वेगळे वार आले तर सगळं फुकट.

शिकलेल्या माणसाचा एवढा तरी उपयोग व्हायला हवा.

१२ एप्रिल

आज काहीच घडलं नाही. दौलत वर्गाच्या दारात आला, "बाई, खडू हवेत का?" म्हणाला. इतका साधा चेहरा!

१३ एप्रिल, शनिवार

सापडला!

मधल्या सुट्टीत हेडमास्तर सगळ्यांसमोर म्हणाले, "येत्या गुरुवारी बाहेरची माणसं बोलावली आहेत. कुणाला आजारी पडायचं असेल तर खुशाल पडा." गुरुवारी!

संध्याकाळी विश्रामच्या खोलीत मीच उभी राहून सांगितलं. गुरुवार फक्त यांना ठाऊक होता. दौलतला आधी कळेचना. मग म्हणाला, "बाई, मी तिथं पाणी भरतो. कान नाय भरत कुणाचे." सखुबाई म्हणाली, "जरा दमानं घ्या, एवढ्या वर्षांचा माणूस आहे." पण विश्राम ऐकेनात — "गुरुवार नाही, सोमवार आहे सोमवार! जा, हेपण सांग जा तुझ्या मालकाला!" त्याला युनियनमधून काढलं. यापुढे कुणी त्याच्याशी बोलायचं नाही, त्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही.

जाताना त्यानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. तेच खटकतंय.

पण पुरावा आहे. पुराव्यापुढे चेहऱ्याचं काय?

१४ एप्रिल, रविवार

आई सकाळी तांदूळ निवडत होती. सहज म्हणाली, "गुरुवारला तू जेवून जाशील का उपाशी?"

म्हटलं, "का ग?"

"माईसाहेब बोलल्या, संप म्हंजे उपासबी करतात. मी बोलली, गुरुवारला घंटा वाजली नाय ना, तर समजा ती माझ्या पोरीनं थांबवली! सगळ्या बाया बघत रायल्या माझ्याकडं." तिचा चेहरा असा फुलला होता!

"कधी बोललीस हे?"

"परवा. त्या दर खेपेला इचारतात, पोर काय लिवते. अर्जाचं इचारलं, मी सांगितलं. एवढ्या मोठ्या घरात तुझं नाव निघतं गो!"

यानं काय घडलं, ते तिला सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर ती पुन्हा कुणाच्या पाटावर बसली नसती.

तशीच दौलतमामांकडे गेले. बायको दारात उभी. आत या म्हणाली नाही. "कशाला आलात? तुम्हीच सांगितलंत ना, तो तिकडचा माणूस आहे म्हणून? काल परत आले ते भिंतीकडे तोंड करून बसले. पोरांशीसुद्धा बोलले नाहीत. पहाटे उठले नि गेले तिकडंच, अध्यक्षांकडं."

उद्या फाटकातच सगळ्यांसमोर सांगेन. माझ्या घरातून फुटलं, दौलतमामांचा दोष नाही. घंटेच्या आधी सांगायला हवं.

१५ एप्रिल

घंटा वेळेवर वाजली. दौलतमामांनी वाजवली. त्यांच्या गावकीतल्या माणसांनी बाकं लावली, पाणी भरलं. परीक्षा सुरळीत झाली. मे महिन्याचा पगार गेला.

फाटकात विश्राम माझ्यापुढे हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्ही बरोबर ओळखलं होतंत."

मी काहीच बोलले नाही.