पाळणाघरातलं मशीन

प्रिय दादा,

हे पत्र वहिनीच्या हातात देऊन जाणार आहे. तू फोन उचलत नाहीस, दुकानाचं शटर खाली, आणि वहिनी म्हणते, "सीझन आहे ना, सकाळी बाहेर पडतात ते कुठे असतात देव जाणे." म्हणून तुमच्याच स्वयंपाकघरात बसून लिहितेय. बसून म्हणजे काय, दोन ओळी लिहिते, उठते, खिडकीतून तुझी स्कूटर दिसते का बघते, पुन्हा बसते. वहिनीने दिलेला चहा कधीच गार झाला. "अगं, झालंय तरी काय?" असं ती विचारते आणि मी "कामाचं आहे" म्हणून तिला टोलवते.

एसीतला गॅस ओळखायचं यंत्र मी घेतलं तेव्हा तू किती हसला होतास! "बारके, गेज लाव, पाइपाला हात लाव, मशीन आपणहून बोलतं. हे खेळणं कशाला?" तुझं चुकत नव्हतं. एसीचं सगळं काम मी तुझ्याकडूनच शिकले. बाबा नको म्हणत असताना माझ्या हातात पाना तू दिलास. मुलीला गच्चीवर कशाला चढवतोस, असं कुणी म्हटलं की "माझ्यापेक्षा बरी चढते" म्हणून तोंड बंद करायचास. पण दादा, गेज दाब दाखवतो, क्लॅम्प मीटर करंट दाखवतो. आत कुठला गॅस आहे हे दोघंही सांगत नाहीत.

काल सकाळी एका पाळणाघरातून बोलावणं आलं. तळमजल्यावर लांबट खोली, भिंतीवर जुना एसी, खाली गाद्यांवर मुलं झोपलेली. बाई कुजबुजत म्हणाल्या, "थंड मस्त करतो हो, पण सुरू होताना आत चट् असं वाजतं, मुलं दचकतात." झाकण काढलं तर वायरीचा स्क्रू ढिला, टोक काळं पडलेलं. ठिणगी उडत होती. तेवढं घट्ट करून निघाले असते. गेजही अगदी व्यवस्थित होता. करंट मात्र कमी वाटला, मनात काहीतरी खुपलं, म्हणून यंत्राची नळी लावली. पडद्यावर आलं: ज्वलनशील. मला वाटलं यंत्र बिघडलं. पुन्हा लावली, तेच. मग गळती शोधायची कांडी खोलीतल्या पाइपाच्या जोडाजवळ नेली आणि ती टिटवीसारखी ओरडायला लागली.

चुलीत शोभेल असा गॅस, दादा, आणि शेजारी उडणारी ठिणगी. आणि खाली झोपलेली मुलं.

आरडाओरडा करता येईना, बटणाला हात लावायची भीती. बाहेर व्हरांड्यात जाऊन मेन स्विच पाडला, आत येऊन खिडक्या उघडल्या आणि बाईंना एवढंच म्हटलं, "मुलांना झाडाखाली नेऊ या, आत्ता." त्या लगेच गाद्यांकडे वळल्या. आम्ही एकेकाला उचलून नेलं. एक मुलगी माझ्या खांद्यावर झोपूनच राहिली, तिची लाळ अजून माझ्या कालच्या शर्टावर आहे. या गॅससाठी चालतो तो पंप मागवून दुपारभर सगळा गॅस बाहेर सिलिंडरमध्ये ओढून घेतला. कुणाला काही झालं नाही. हे आधीच सांगायला हवं होतं, नाही का? कुणाला काही झालेलं नाही.

बाहेरच्या युनिटच्या पाइपावर गुंडाळलेली टेपची पट्टी सोडवताना माझे हात थांबले. तिचं टोक आत दुमडलेलं होतं, पुढच्या माणसाला नखाने सहज उचलता यावं म्हणून. असं दुमडणारा आख्ख्या गावात मला एकच माणूस ठाऊक आहे. तरी वाटलं, असेल दुसरा कुणी. बाईंना विचारलं, याआधी कोण आलं होतं? त्या म्हणाल्या, "स्कूटरवाले. फार चांगले हो, मुलांशी खेळत बसले होते."

तू वाईट हेतूने केलं नसणार. हवा तो गॅस मिळत नाही, लोक उकाड्याने डोकं खातात, हा भरला की मशीन झकास थंड होतं आणि सगळे खूश. पण तुला माहीत आहे. तूच मला सांगितलं होतंस की जुन्या मशीनमध्ये हा घालायचा नाही. मग त्या गाद्यांकडे बघत सिलिंडरचा कॉक उघडताना तुझ्या मनात काय आलं? कालपासून मी हेच विचारतेय, अंघोळ करताना, पायऱ्या उतरताना.

उद्या पाळणाघराला लेखी अहवाल द्यायचा आहे आणि त्यात मी तुझं नाव लिहिणार आहे. नको लिहूस म्हणायला येणार असशील तर येऊ नकोस. मी हे पत्र लिहितेय ते दुसऱ्याच कारणाने. या सीझनमध्ये तू आणखी कुठे कुठे हा गॅस भरलास ते तुझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. त्या घरांतले एसी आत्ता, या क्षणी चालू आहेत. पत्र वाचलंस की चपलाही न काढता माझ्याकडे ये. पंप गाडीतच ठेवलाय. तू दार दाखव, बेल मी वाजवते, आणि काय झालंय ते आपण दोघं मिळून सांगू.

तुझीच,
बारकी