दोन स्क्रीन, एक डबकं

मंगळवार, मयूर विहार, दिल्ली, संध्याकाळ

धाकट्या भावाला, नचिकेतला, घेऊन आज नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. कितीतरी दिवस तो दोन महागड्या ग्राफिक्स कार्डांची तुलना करतोय, गेममध्ये कुठलं जास्त खरं दाखवतं म्हणून. डॉक्टरांनी सांगितलंय, नजर हळूहळू जाणार. म्हणून हट्ट, की आहे तोवर सगळं उत्तम बघून घ्यायचं.

दुकानदाराने ती दोन कार्डं बसवलेल्या दोन कॉम्प्युटरांच्या स्क्रीनवर एकच गेम लावला. ओला रस्ता, मधोमध डबकं. डावीकडच्या डबक्यात नुसतं पाणी, उजवीकडच्या डबक्यात समोरच्या घराच्या खिडक्यासुद्धा दिसत होत्या.

"फर्क देखिए, भैया."

नचिकेत डावीकडे बघत राहिला, मग उजवीकडे, अगदी नाक टेकवून. त्या डबक्यातल्या खिडक्या मला इतक्या स्पष्ट दिसत होत्या की लाज वाटली.

"ताई, कुठलं चांगलंय?" त्याने मराठीत विचारलं, दुकानदाराला कळू नये म्हणून.

"दोन्ही सारखीच रे." खोटं का बोलले? त्याला बरं वाटावं म्हणून, की मला?

मग त्याने वाकून दोन्ही कॉम्प्युटरांच्या डब्यांना कान लावला आणि डावीकडच्यावर हात ठेवला.

"यह वाला दे दो, भैया. इसका पंखा कम आवाज़ करता है."

मी त्याला थांबवलं नाही.