गांडुळांची पसंती

३ मार्च
माझं बिजागरीचं तेल तयार! गेट, कात्री, शिलाई मशीन, सगळ्याला चालतं. सांडलं तरी मातीला अपाय नाही. सिद्ध व्हायचंय, पण मला माहीत आहे. हार्डवेअरवाले म्हणाले, बागवाली गिऱ्हाइकं मातीचं विचारतात, पुरावा दाखवा, लगेच काउंटरवर ठेवतो. नोकरी सोडून वर्ष झालं. ते काउंटर मिळायलाच हवं.

५ मार्च
पुरावा गांडुळं देणार. खोक्यात अर्धी माती स्वच्छ, अर्धी माझं तेल मिसळलेली. मधोमध दहा गांडुळं सोडायची आणि दोन दिवस थांबायचं. तेल वाईट असेल तर ती पलीकडे पळतात. सोपं आहे. शिवाय गांडुळांना फितवता येत नाही.

६ मार्च
बायकोच्या कुंडीतली माती भुसभुशीत, तेल झकास मिसळलं. आणखी मागितली तर अंगावर आली. म्हणून स्वच्छ माती मागच्या कोपऱ्यातून खणली. माती ती माती. तिथे काही उगवत नाही, म्हणजे नुकसानही नाही. बायकोने तीनदा गुलाब लावले, तिन्ही गेले. हाताला गुण असावा लागतो.
तिथेच स्कूटरचं ऑइल बदललं. गॅरेजचं तोंड मी वर्षानुवर्षं पाहिलेलं नाही. जुनं ऑइल नेहमीप्रमाणे कोपऱ्यात ओतलं.

८ मार्च, सकाळ
दहाच्या दहा तेलाच्या बाजूला!! स्वच्छ मातीत एकही नाही. म्हणजे तेल नुसतं निरुपद्रवी नाही, त्यांना आवडतं. लेबलवर 'गांडुळांची पसंती' छापायचं. बायको म्हणाली, काहीतरी गडबड आहे. घरच्यांना शोधाची किंमत नसते.

९ मार्च
हार्डवेअरवाले म्हणाले, माती तुमची, गांडुळंही तुमची. मी ताडकन म्हणालो, मग माती तुमची आणा, दुकानातच होऊन जाऊ दे. त्यांनी भाजीच्या वाफ्यातली आणली. दोन्ही बाजूंना तीच. एका बाजूला माझं तेल. खोकं काउंटरवर! निम्मं काम झालंच.

११ मार्च
नऊ स्वच्छ बाजूला. एक तेलात, मेलेलं. मी म्हणालो, दुकानातल्या रंगाच्या वासाने बावरली असतील. गिऱ्हाइकं हसली. हार्डवेअरवाले म्हणाले, चहा घेऊन जा. तेलाचं नावही काढलं नाही. फार वाईट वाटलं.

११ मार्च, संध्याकाळ
बायकोने एकच विचारलं, पहिल्या वेळी स्वच्छ माती कुठली होती? सांगितलं. ती कोपऱ्यात गेली, मूठभर माती आणून माझ्या नाकाखाली धरली. स्कूटरचा वास. गांडुळांना माझं तेल आवडलं नव्हतं. त्यांनी त्यातल्या त्यात बरं निवडलं होतं.
मी म्हणालो, बघ, म्हणजे इंजिन ऑइलपेक्षा तरी चांगलं आहे.

१२ मार्च
उरलेली गांडुळं तिने कुंडीत सोडली. चौथा गुलाब आणलाय. त्याआधी कोपऱ्यातली सगळी माती काढायची आहे. कुदळ माझ्याकडे देत म्हणाली, तुम्हीच खणा, हाताला गुण असावा लागतो.