शंभरात दहा भाग आंबट

मी, खाली सही करणारी, वय सत्तेचाळीस, वडिलांच्या पश्चात त्यांचा पांढऱ्या वाइनचा धंदा भावासोबत चालवणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या डोक्यातली गाठ काढणार आहेत. बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टर सांगतात. दडपण कोणाचे नाही. हा चौथा मसुदा आहे. आधीचे तीन रद्द समजावेत.

१. घरातला माझा निम्मा हिस्सा दादाला, म्हणजे थोरल्या भावाला. माझ्या खोलीची खिडकी पावसाळ्यात अडकते. तिला रंधा मारून घेऊ नये, हिवाळ्यात फट पडते. हे त्याला दहादा सांगितले आहे, म्हणून आता लेखी.

२. बँकेतील ठेव भाचीच्या शिक्षणासाठी. तिने वाइनचेच शिकावे, ही दुसऱ्या मसुद्यातली अट काढली आहे. मला तशी अट कोणी घातली नव्हती, तरी मी इथेच राहिले. ते निवडून राहिले की सवयीने, हे अजून ठरत नाही.

३. माझी शिडी पिंपे दुरुस्त करणाऱ्या काकांना. नऊ वर्षांपूर्वी मागून नेली, ती आलीच नाही. आता ती त्यांचीच. माझा रागही संपला, असे लिहिते. बघू.

४. आमची वाइन तीन द्राक्षांची. तिन्हींचे रस वेगवेगळ्या पिंपांत आंबतात आणि हिवाळा सरला की एकत्र येतात. प्रमाण दरवर्षी नव्याने ठरते: सकाळी, उपाशीपोटी, तीन वेगवेगळ्या मिश्रणांचे ग्लास पुढे ठेवून, कोणीही न बोलता. ज्याने ठरवले त्याने पिंपावर खडूने स्वतः आकडे लिहायचे. तिसरे द्राक्ष आंबट, उशिरा पिकणारे, शंभरात जेमतेम दहा भाग. "दहा भाग द्राक्ष, नव्वद भाग कटकट," म्हणून दादा त्या वेलींच्या ओळी उपटायला निघाला आहे. पण ते नसेल तर वाइन तोंडावर गोड बोलणाऱ्या पाहुण्यासारखी लागते, असे बाबा म्हणत. त्या सहा ओळी माझ्या नावावर आहेत. त्या मी वहिनीला देते. दादाला नाही.

५. याचे कारण लिहिताना तीन मसुदे फाटले. चार वर्षांपूर्वी मला वास येईनासा झाला. सर्दी समजून मी गप्प बसले. गाठ यंदा सापडली. बाटल्यांवर लेबले लावणाऱ्या वहिनीपुढे मी ग्लास धरायचे. "सहज बघा हो, कोणता बरा?" ती सांगे, आणि खडू मी उचलायचे. चार वर्षे पिंपांवर अक्षर माझे, नाक तिचे. लोकांनी कौतुक माझे केले आणि मी ते घेतले. मिश्रण ठरवण्याचा हक्क माझ्या पश्चात वहिनीचा राहील.

६. वरचे कलम लिहून झाल्यावर वाटले, मेल्यानंतर कबुली देणे म्हणजे उत्तर ऐकायला न थांबणे. म्हणून आज सकाळी ते वहिनीला वाचून दाखवले. तिच्या हातातल्या लेबलावरचा डिंक वाळून गेला.

"मला ठाऊक होतं, वन्सं," ती म्हणाली. "गेल्या वर्षी मी मुद्दाम बिघडलेल्या मिश्रणाचा ग्लास बरा म्हणून दाखवला. तुम्ही तोच लिहायला निघालात."

"मग?"

"मग काय, दुसऱ्या दिवशी म्हटलं ना, परत एकदा बघू या."

"तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही कधी बोलताय, ते बघत होते."

तिला हा हक्क मृत्युपत्रातून नको. "तुमच्या मरणाची वाट बघत खडू धरू का मी?" असे तिचे शब्द आहेत. अकरा वाजता आम्ही दादाला तळघरात बोलावले. त्याच्यासमोर तिने तीन ग्लास हुंगले आणि पिंपावर स्वतःच्या अक्षरात आकडे लिहिले. शेवटचा, आंबट द्राक्षाचा आकडा बारा होता. दादाने तो दोनदा वाचला आणि विचारले, "म्हणजे ओळी वाढवायच्या?"

सबब पाचव्या कलमातील शेवटचे वाक्य रद्द. जे देऊन झाले, ते मिळकतीत धरता येत नाही.

सही माझी. साक्षीदार: आमची लेबले छापणारे, आणि शेजारच्या शिक्षिका. दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या. ठिकाण: तळघर, पिंपाशेजारी. गुरुवार, ऑपरेशनच्या चार दिवस आधी.