वेगवेगळ्या कापलेल्या दोन बाजू

बर्गन, ३ मार्च

प्रिय आई,

आधी एक दुरुस्ती. माझ्या कण्याचा बाक गेल्या दोन-तीन वर्षांतला असावा, असं डॉक्टर म्हणाल्याचं मी तुला नोव्हेंबरच्या पत्रात लिहिलं होतं. ते तसं म्हणाले नव्हते. एक्स-रे बघून त्यांनी विचारलं होतं, "शाळेत कधी कुणी पाठ तपासली नाही?" मी म्हटलं, आमच्या बेटावरची शाळा बंद पडली होती, आईनेच स्वयंपाकघरात शिकवलं. त्यावर ते म्हणाले, "हे बाराव्या-तेराव्या वर्षापासूनचं आहे. घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?" हे वाक्य तुला लागेल म्हणून मी बदललं. तूच शिकवलंस की चुकीचं लिहिलेलं खोडून शेजारी बरोबर लिहायचं, म्हणून लिहिते आहे.

माझी तब्येत विचारलीस. सव्विसाव्या वर्षी पट्टा बांधून काही उपयोग नाही, हाडांची वाढ कधीच संपली. बाक मात्र थांबलेला नाही. औषधाच्या दुकानात उभं राहून दुपार झाली की उजव्या बरगड्यांखाली कुणी मूठ रोवून बसल्यासारखं वाटतं. घराचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं. शेजारीण आली तर मी पिशवीत किल्ली शोधत असल्याचं दाखवते. वरच्या फळीवरचे डबे आता यंगविल काढते. माझ्याबरोबर काम करते ती. म्हणते, "इंगुन, तू कायम भिंतीपलीकडचं चोरून ऐकत असल्यासारखी उभी असतेस. आम्हालाही सांग की काय चाललंय तिकडे." मी हसते. तिला अजून सांगितलेलं नाही. पुढे फुफ्फुसाला जागा कमी पडेल का, हे डॉक्टरांना मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, "बघत राहू."

आता तू शिवलेल्या माझ्या बुनादाबद्दल, त्या सणाच्या पोशाखाबद्दल. जानेवारीत एका लग्नासाठी तो बाहेर काढला, तर लाल बंडी उजवीकडे बसेना. पंधराव्या वर्षी चर्चमधल्या दृढीकरणाच्या विधीला शिवलेला पोशाख शवपेटीपर्यंत पुरला पाहिजे, असं तू म्हणायचीस. म्हणून शिवणीत तू नेहमी जास्तीचं कापड सोडतेस. ते सैल करावं म्हणून मी अस्तर उसवलं. टाके इतके बारीक की सुई आत घालायला जागा मिळेना. कापड दुमडून दोन्ही बाजू एकदमच कापायच्या, हे तू मला सहा वर्षांची असताना शिकवलंस. "कात्रीला डावं-उजवं कळत नाही, म्हणून ती चुकत नाही," म्हणायचीस. माझी बंडी तशी कापलेली नाही, आई. उजवी पाठ रुंद आहे. डावीकडे कमरेशी पातळ लोकर भरून वरून शिवून टाकली आहे. मग घागरा बघितला. त्याचा पट्टा एका बाजूला बोटभर उचलला आहे.

माझ्या दृढीकरणाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर आजी म्हणाली होती, "पोर बघा कशी मेणबत्तीसारखी सरळ उभी आहे." सगळे माझ्याकडे बघत होते. तू खाली वाकून माझ्या गळ्याशी लावलेली चांदीची पिन नीट करत राहिलीस. मला वाटलं, तुला रडू आलंय म्हणून तू वर बघत नाहीस.

तू का गप्प राहिलीस ते मला कळत नाही असं समजू नकोस. बोर्गहिल मावशी अकरा वर्षांची असताना पाठीच्या बाकासाठी तिला बोटीतून शहरात नेलं, मानेपासून कमरेपर्यंत वर्षभर प्लास्टरमध्ये निजवलं, आणि परत आल्यावर ती कुणाला अंगाला हात लावू देईना, हे तू एकदाच सांगितलंस. तेव्हा तू बटाटे सोलत होतीस. "माझी एकही मुलगी त्या बोटीत बसणार नाही," असंही म्हणालीस. मला वाटलं, तू शहरातल्या शाळेबद्दल बोलते आहेस. तू मला वाचवत होतीस. पण आई, मावशी निदान चार माणसांसारखा श्वास घेते.

यातलं काही मी लिहिलं नसतं. उसवलेली बंडी मी तशीच शिवून ठेवली असती. पण नाताळात तुझ्या टेबलावर धाकट्या सुन्निवाची बंडी बेतायचे कागद पडले होते. डाव्या पाठीचा वेगळा, उजव्या पाठीचा वेगळा. मी जवळ गेले तर तू त्यावर कापड ओढून म्हणालीस, "हात लावू नकोस, टाचण्या आहेत." मी लावला नाही. त्याच संध्याकाळी सुन्निवा मोरीशी वाकून केस धूत होती. तिच्या एका खांद्याखाली टॉवेल राहिलाय असं वाटून मी तो काढायला हात पुढे केला. टॉवेल नव्हता. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली, की ती वाकडी उभी असेल. अस्तर उसवलं त्या दिवसानंतर ती समजूत टिकली नाही.

ती चौदा वर्षांची आहे. तिची वाढ अजून चालू आहे, आणि मी डॉक्टरांना विचारलं आहे. आता प्लास्टर नसतं. पट्टा असतो, कपड्यांच्या आत घालतात, घरीच राहता येतं. मी बाबांशी बोलले. ते म्हणाले, "घेऊन जा. पण तिला तूच सांग, मला जमायचं नाही." 'तिला' म्हणजे तुला. म्हणून हे पत्र. बंडी इतक्यात शिवू नकोस. मे महिन्यात दृढीकरणाला सुन्निवा चर्चमध्ये वाकडी दिसली तर दिसू दे. यायचं असेल तर तूही ये. बोटीत ती माझ्या एका बाजूला बसेल आणि तू दुसऱ्या. नाही आलीस तरी मी तिला इकडे डॉक्टरांकडे नेणार आहे, सकाळच्या पहिल्या बोटीने, शुक्रवारी, चौदा मार्चला.

तूच शिकवलेली, तुझीच,
इंगुन