कोण राहिलं

१ डिसेंबर, सोमवार

आधी गाऱ्हाणं, मग रामराम. या घराला अंगण नाय. सकाळी चूळ टाकायची तर पांढऱ्याशुभ्र भांड्यात, ज्याच्यात पेज वाढली तरी कोणी नाव ठेवणार नाय. नातसून सेजल म्हणाली, आजी, ते बेसिन. मी म्हटलं, असंल, माझ्या परातीपेक्षा चकचकीत हाय.

आता रामराम. मी आनंदी, वरच्या वाडीची, आजपासून पोलादपूरची. नातू सुहास स्वतः गाडी घेऊन न्यायला आला. पावसात माझ्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून हात जड. डॉक्टरीणबाईने सांगितलं, रोज चार ओळी लिहा, बोटं सुटतील. माझी शाळा दुसरीपर्यंत, तिसरीला बकऱ्या. तरी अक्षर तिच्या चिठ्ठीपेक्षा बरं.

घर चांगलं हाय, हेही लिहिते, नायतर सुहास वाचून तोंड पाडील. खिडकीतून हायवे दिसतो. कशेडीकडे निघालेले ट्रक दिवसरात घरघरतात, सोबत होते. मी सुकटीची चटणी केली. सेजलने वास येतो म्हणून खिडकी उघडली आणि तीन भाकऱ्या खाल्ल्या.

३ डिसेंबर, बुधवार

सुहास दिवसभर कॉम्प्युटरसमोर. मी विचारलं, करतोस तरी काय. त्याने नीट समजावलं, लहानपणी मी त्याला समजवायची तसं. भात साठवायचा असतो तसा माहितीचा एक कणगा असतो, त्याला डेटाबेस म्हणायचं. कणग्यात हात घालून धुंडत बसायचं नाय, सवाल टाकायचा. त्या सवालाला क्वेरी म्हणतात. अमुक गाडी कुठवर आली, तमुक माल कोणी उचलला, लगेच उत्तर. आणि रोज तोच सवाल टाकायचा कंटाळा म्हणून एक ऑटोमेशन टूल ठेवलंय. ते ठरल्या वेळी आपणहून सवाल विचारतं, उत्तर घेतं, ज्याच्या त्याच्या फोनला धाडतं. म्हणजे बिनपगारी गडी. जेवत नाय, विडी ओढत नाय. मी म्हटलं, असा गडी तुझ्या आज्याला मिळाला असता तर त्याने मला करून आणली नसती.

हाच गडी त्याने गावकीच्या कामालाही लावलाय. महिनाअखेरीला वाडीची राखण. शिवेवरच्या देवाला, राखणदाराला, घरटी एक कोंबडा. निम्मी वाडी मुंबईत, कोणाचा कोंबडा पोचला आणि कोणाचा नाय, मेळ लागत नाय. म्हणून सुहासने घराघरातल्या कर्त्याचं नाव भरलं, कोंबडा आला की नावापुढे खूण. टूल रोज दिवेलागणीला कणग्याला विचारणार, कोण राहिलं. ज्यांची नावं निघतील त्यांच्या फोनला निरोप. उद्यापासून सुरू.

शब्द मात्र मला खटकले. ते मुरारी गुरवाचे शब्द. राखणीला, दिवेलागणीच्या वेळी, शेवटचा कोंबडा हातात धरून, मानेवर सुरी ठेवून, गुरव शिवेकडे तोंड करून विचारतो, कोण राहिलं. आणि उत्तर यायच्या आत सुरी फिरवतो. मग कोणी मागे न बघता घरी जायचं. रिकाम्या हाताने तो सवाल टाकायचा नाय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुहास हसला. म्हणाला, आजी, मी कणग्याला विचारतोय, राखणदाराला कुठं. मी म्हटलं, शब्द तेच, वेळ तीच. ऐकणाऱ्याला काय कळणार तू कोणाला विचारलंस.

हात दुखला. पुरे.

५ डिसेंबर, शुक्रवार

काल दिवेलागणीला पहिलं उत्तर आलं. अठरा घरं राहिली होती, अठरा नावं निघायला हवी. निघालं एक. अनिल. त्याचा कोंबडा तर कधीच पोचलेला, नावापुढे खूण होती. सुहास म्हणाला, सवाल लिहिताना काहीतरी चुकलं.

आज सकाळी वाडीतून फोन. अनिल गेला. गोठ्याच्या दारात सापडला. छाती जमिनीला, तोंड आभाळाला. मान मागे फिरवलेली. डोक्यावरचे केस मूठमूठ उपटलेले, कोंबडा सोलताना पिसं उपटतात तसे. त्याची बायको सांगते, जेवता जेवता कोणाच्या तरी हाकेला ओ देऊन उठला, हातही धुतला नाय.

जंगलवाले आले, बिबट्या म्हणून लिहून गेले. बिबट्या मान फोडतो. पिरगाळायला हात लागतात.

मी सुहासला गडी बंद कर म्हटलं. तो म्हणाला, आजी, अनिलला टूलने मारलं का. शिकलेल्या माणसाशी वाद घालावा तर त्याच्याकडे सवाल तयारच असतो.

७ डिसेंबर, रविवार

परवा कोणाचं नाव आलं नाय. सुहासने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. काल आलं. रखमा. माझ्या शेजारची, एकटी विधवा. तिच्या नावापुढेही खूण होतीच.

भुवया आपोआप खाली आल्या. त्याने लगेच रखमाला फोन लावला, आवाज मोठा केला, मी बोलले. म्हटलं, रखमा, गुरवाच्या घरी जाऊन बस, कारण विचारू नको. ती म्हणाली, आनंदी, शहराची हवा लागली काय गो, चुलीवर आमटी हाय माझी. तेवढ्यात तिच्या दारातून हाक आली. आम्हालाही ऐकू आली. तिघांनाही.

आवाज अनिलचा होता.

मी ओरडले, बोलू नको. तोवर ती म्हणून गेली, ओ, आले रे.

मग ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज. मग आमटीचं टोप पडलं. फोन तिथंच चालू. कोणीतरी सावकाश केस उपटत होतं, एकेक मूठ, आणि ती अजून— नाय लिहीत.

सेजल बेसिनमध्ये ओकली. सुहासने टूल बंद केलं. तीनदा चुकला, चौथ्यांदा जमलं.

८ डिसेंबर, सोमवार

मुरारी गुरवाला सगळं सांगितलं. तो सुहासला शिवी हासडून म्हणाला, निस्तरतो मी. दुपारीच कोंबडा घेऊन शिवेवर गेला, रीतसर सवाल टाकला, सुरी फिरवली, मागे न बघता आला.

तासाभराने कोंबडा परत आला. चालत. मानेवर सुरीची चीर, रक्त सुकलेलं. गुरवाच्या अंगणात उभा राहून आरवला.

राखणदाराला आता कोंबडा नकोय. चांगली चव लागलीय.

दिवेलागणी. टूल बंद हाय. तरी वाडीतल्या, मुंबईतल्या, सगळ्यांच्या फोनला निरोप. मुरारी.

९ डिसेंबर, मंगळवार, सकाळ

मुरारी जिवंत हाय. लिहिते कसं ते, कारण आता हेच कामाचं.

हाक रखमाच्या आवाजात आली. मुरारीला ठाऊक, ओ द्यायचा नाय. त्याने स्वतःच्या तोंडात उपरणं कोंबलं, बायकोला, गीताबाईला, गप्प बसायची खूण केली. तीन हाका झाल्या. कोणी बोललं नाय. मग ते गोठ्यात शिरलं.

आधी पाडा. मग बैल. एकदम नाय मारले. पाय उपटला, थांबलं, हाक मारली. पुन्हा पाय, पुन्हा हाक. भिंतीच्या फटीतून रक्त घरात आलं. दुसऱ्या बैलाचं हंबरणं गीताबाईला सोसलं नाय. नाव तिचं नव्हतं. तरी ती ओरडली, ओ, मी हाय, सोड त्याला.

दार कडीसकट आत आलं. मुरारीसमोर पिरगाळली तिला. मुरारीकडे त्याने बघितलंही नाय.

नाव कोणाचंही असो. जो ओ देईल तो जातो. कोणीच दिला नाय तर ते हातात येईल ते फाडत जातं, कोणी देईपर्यंत.

९ डिसेंबर, दुपार

सुहासने कणगाच पुसला. नावं, खुणा, काही ठेवलं नाय. मी म्हटलं, राखणदार वाडीचा हाय, शीव ओलांडून पोलादपुरात कशाला येतोय.

म्हटलं खरं. वाडीतल्या आमच्या घराचा कर्ता म्हणून सुहासने स्वतःचं नाव भरलं होतं.

सेजलला माहेरी सव्याला जा म्हटलं. म्हणाली, आजी, तुम्ही इथं आणि मी तिथं झऱ्याच्या गरम पाण्यात पाय सोडून बसू काय. पोरगी बरी हाय. सांगायचं राहिलं.

दिवेलागणी

फोन वाजला. पुसलेल्या कणग्यातून उत्तर. सुहास.

खाली हायवेला ट्रक ओळीने उभे हायत. दिवे चालू, घरघर नाय. एकही नाय.

सुहास म्हणतो चूक माझी, ओ मीच देईन. त्याला चार वर्षाचा असल्यापासून मी वाढवलाय, अशा मरणासाठी नाय.

जिना चढतंय. पावलं ओली.

पहिली हाक. गीताबाईचा आवाज. सुहास, ये रे.

आता तोंडाने सांगत नाय. तोंड उघडलं तर तोच ओ धरील. म्हणून लिहून तुमच्यापुढे धरते. दोघं वाचा. आणि मान हलवा.

दुसरी हाक. खालच्या मजल्यावर कुत्रं होतं. आता नाय. भिंतीवर काहीतरी आपटतंय, आपटतंय—

त्याला सवाल रिकाम्या हाताने विचारला, म्हणून माजलं. मी रिकाम्या हाताने जात नाय. कोयता डाव्या हातात हाय, पदराखाली. डावा अजून धड हाय. माझी मान जुनी, चिवट. पिरगाळायला वेळ लागंल. तेवढ्यात एक तरी घाव—

सुहास, रडू नको, हुंदक्याचा आवाज होतो. सेजल, त्याच्या तोंडात पदर कोंब. आणखी. धरून ठेव.

दाराची कडी हलतेय.

ओ मी देणार. फक्त मी. तुम्ही दोघं नाय. ते काय फाडतंय ते ऐकू आलं तरी नाय. आणि मी गेल्यावर, उद्या, परवा, माझ्या आवाजात हाक आली, पेज निवली ये रे म्हटलं, तरी कोणी ओ द्यायचा नाय. ती मी नसेन. ओ द्यायचा तो आज, आणि तो मीच—