बर्फाखालची जमीन

प्रिय हर्षाली,

हे पत्र गोव्याहून जहाजानं निघणार, म्हणजे तुझ्या हातात पडेपर्यंत इथं राजुरीत कांदा निघून गेला असेल. तोवर मी असले तर ठीक, नसले तरी मजकूर शिळा व्हायचा नाही.

तू राहतेस ते अंटार्क्टिका शौर्यानं मोबाईलवर दाखवलं. तुझा हा चुलतभाऊ बारावीला आला, पण दक्षिण कुठं विचारलं तर टीव्हीकडं बोट करतो. नुसतं पांढरं. मी म्हटलं, यात जमीन कुठंय? तर म्हणे खाली. तू मशीन घेऊन बर्फाची जाडी मोजतेस, ती जागोजागी अशी की सात शिवनेरी एकावर एक ठेवले तरी वरचा बुरूज बाहेर निघायचा नाही. त्या ओझ्यानं जमीन दबून कुठं कुठं समुद्राच्याही खाली गेलीय, आणि ओझं हटलं तर हजारो वर्षांत हळूहळू वर येईल, असं तू फोनवर सांगितलंस. एवढं पाणी गोठून पडलंय, अन् पाऊस म्हणशील तर आतल्या भागात आपल्या आणे पठारापेक्षाही कमी. असल्या गावात कुणी पोरगी दिली नसती.

मला पटलं ते एकच. सात देशांनी तिथं आपापला तुकडा सांगून ठेवलाय, काहींचे तुकडे एकमेकांवर चढलेत, तरी कुणी कोयता काढला नाही. करार असा की नवं मागायचं नाही, अन् जुनं सोडलं असंही धरायचं नाही. लई शहाणे लोक. आपल्याकडं सोडायला लावतात, तेही बायकांनाच.

तुझा आजा गेल्यावर सातबाऱ्यावर तीन नावं लागली: माझं, तुझा चुलता गोरख त्याचं, अन् तुझे आईबाप आधीच गेल्यामुळं तुझं. तेव्हापासून गोरखला घास गोड लागत नाही. पोर बर्फात राहती, तिला विहिरीकडलं वावर काय करायचंय, उद्या जावई येऊन बांधावर बसंल, असं रोज जेवताना. तू उतरलीस की थेट जुन्नरच्या कचेरीत नेऊन हक्कसोड करून घ्यायची, असं त्यानं ठरवलंय.

माझे वडील गेले तेव्हा अवसरीहून माझे भाऊ जीप घेऊन आले. साडी-चोळी केली, घोडेगावच्या कचेरीत नेलं, भजी खाऊ घातली. मी चौथी शिकलेली, कागद वाचता येत व्हता. वाचला नाही, तशीच सही केली. बहिणीनं वाचलं तर माहेर तुटतं म्हणतात. काळी दोन एकर होती. साडी दोन दिवाळ्यांत विरली, अन् तिसऱ्या भाऊबीजेपासून कुणी आलंच नाही.

आता हे पत्र का, ते सांगते. गोरखनंच बसवलंय लिहायला. तुझं ऐकंल ती, सही कर म्हणून लिही, म्हणाला. मघापासून दारात उभा आहे, मी पान उलटलं की खूश होतो. तर ऐक. सही करू नको. साडी आणली तर घे, भजी खा, कागद वाच आणि परत दे. माझीही सही मागितली व्हती, मी दिलेली नाही. माझं अक्षर त्याला लागत नाही, म्हणून आता वाचून दाखव म्हणेल. दाखवीन. त्याला जे ऐकायचंय तेच वाचीन.

तुझीच, अजून कुणाला न आवरलेली,
आजी साळुबाई